श्रीपतचं इंजिन

माळकोंडात श्रीपतएवढा बढाईखोर माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्याच घराच्या पडवीत मी चार वर्षं भाड्यानं राहिलो. मी मूळचा महाडचा. शिक्षक म्हणून पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणच्या वाटेवरच्या ह्या वाडीत माझी नेमणूक झाली, आणि इथे माणसं कमी आणि सल्लागार जास्त आहेत हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

श्रीपतकडे एक जीप होती. त्याच्या बापानं कुठल्याशा सरकारी लिलावात घेतलेली, पेट्रोलवर चालणारी. बाप गेला, जीप राहिली. माळकोंडाची माणसं पोलादपूरच्या बाजाराला न्यायची आणि परत आणायची, एवढ्यावर ते घर चालत होतं. निव्वळ पेट्रोल परवडत नाही म्हणून श्रीपत टाकीत रॉकेल मिसळायचा. त्यामुळे जीप दिसायच्या आधी तिचा वास यायचा, आणि वासाच्याही आधी तिचं खोकणं ऐकू यायचं.

वाडीच्या खाली घाटात वाघजाईचं वळण लागतं. देवी म्हणजे शेंदूर फासलेला एक धोंडा आणि त्याच्यापुढे वाळक्या पाल्याचा ढीग. येणारा-जाणारा तिथे एक डहाळी मोडून टाकतो. चढ असा उभा की तिथे आली की जीप पहिल्या गिअरमध्ये थरथरायला लागायची, आणि कुणी न सांगता सगळी माणसं खाली उतरायची. बायका बोचकी डोक्यावर घ्यायच्या, डहाळी टाकायच्या आणि चालू लागायच्या. दोन गडी हातात धोंडे घेऊन चाकांमागून चालायचे, गाडी मागे सरकलीच तर चाकाखाली सारायला. भाडं पुरं द्यायचं आणि घाट पायांनी चढायचा. सतरा वर्षं हे चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उतरत नसत ते फक्त पुढच्या सीटवरचे. सरपंच म्हणून हैबती, आणि गुरुजी म्हणून मी.

सगळ्यात आधी उतरायची ती श्रीपतची आई, चंपाबाई. पूर्वी कधीतरी तापानं फणफणलेली असताना ती गाडीत बसून राहिली होती, तर बायकांतून कुणीतरी बोललं, "मालकाच्या आयशीला पाय नायत वाटतं." तेव्हापासून गाडी थांबायच्या आतच तिचा पाय मागच्या फळीवर असायचा. मालकाची आई उतरली की बाकीच्यांना बसून राहायला तोंड राहत नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले, पण लेकाची गाडी चढली पाहिजे.

दोन हजार तीन सालच्या शिमग्यात ह्या सगळ्याला फाटा फुटला. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली होती, माणसं जमली होती, आणि हैबतीनं घसा खाकरला.

"श्रीपत, मे म्हयन्यात चाकरमानी येनार. बुटं घालून येतात ती. ती काय तुझी गाडी ढकलत बसनार? खालचा कुशाबा नवी गाडी घिऊन तयारच हाय. आखितीपतुर तुझी गाडी भरल्या मानसांनी वाघजाई चढली तर लाईन तुझी. नाय तर कुशाबाची."

हैबतीनं आयुष्यात त्या जीपचं भाडं दिलं नव्हतं, आणि तोच लाईन वाटत होता. पण श्रीपतला त्याचं काही नाही. तो उठून उभा राहिला आणि छातीवर हात मारून म्हणाला, "सरपंच, ह्या आखितीला वाघजाईला एक मानूस खाली उतरला तर मी मिशी काढीन."

सगळे हसले. हसणारच. हेच त्यानं नवा प्लग टाकला तेव्हा म्हटलं होतं, कार्बोरेटर साफ केला तेव्हा म्हटलं होतं आणि पुढे लिंबू-मिरची बांधली तेव्हाही म्हटलं होतं. दर वेळी माणसं उतरली होती आणि त्याची मिशी जागच्या जागी होती.

ह्या खेपेला त्यानं काढलं ते मात्र नवीनच. कशेडी घाटात कुणाची तरी जेमतेम वर्षाची डिझेल गाडी दरीत गेली होती. तिचा चेंदामेंदा झाला, पण इंजिन शाबूत राहिलं. ते महाडला मुराद मेस्त्रीच्या गॅरेजात येऊन पडलंय आणि आपल्या जीपला बसतंय, अशी बातमी श्रीपतनं आणली. बातमीसोबत त्यानं एक गिऱ्हाईकही आणलं, म्हशीला. त्याच्या बायकोनं, काशीबाईनं, वासरापासून वाढवलेली म्हैस दुपारी दाव्यानं ओढली जात घाट उतरून गेली. काशीबाई दारात उभी राहून बघत होती. तिनं आरडाओरडा केला नाही. नवऱ्याशी भांडण्याइतकी किंमतही ती त्याला देत नसे.

"गाडीला इंजिन झालां," ती मला म्हणाली. "आता राबाला शेण कुठला आनू? ह्याची बढाई पसरू?"

चैत्र चालू होता. राब म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, तर तिच्यावर शेण, पाला, गवत असे थर द्यावे लागतात. श्रीपत नऊ दिवस महाडला जाऊन राहिला आणि ते नऊ दिवस ह्या दोघी बायका रानातून पाल्याचे भारे आणत राहिल्या. काशीबाई झाडावर चढून फांद्या तोडायची, सासू खाली बसून भारा बांधायची. शेजाऱ्यांच्या गोठ्यातून शेण मागून आणायची पाळी काशीबाईवर आली. ज्यांनी सहा महिने तिच्या म्हशीचं ताक फुकट प्यायलं होतं, त्यांनी पाटीभर शेण देताना पाटी दोनदा हलवून बघितली. संध्याकाळी चंपाबाई पडवीत बसून गुडघ्यांना तेल चोळायची आणि मला विचारायची, "गुरुजी, महाडला गेलात तर बघा हां, पोरगा जेवतो का येळेवर." पोरगा बेचाळीस वर्षांचा होता.

शनिवारी मी घरी महाडला जायचो. त्या शनिवारी मुद्दाम गॅरेजात गेलो. हायवेच्या कडेला आंब्याखाली जीप उभी होती, तोंड उघडं टाकून. जुनं इंजिन फांदीला साखळीचा कप्पा लावून बाहेर काढलेलं आणि मातीत टाकलेलं. नवं इंजिन लाकडाच्या ओंडक्यांवर बसवलेलं, निम्म्यानं मोठं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते समोर मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं.

मुराद बारा वर्षं कुवेतला मोठ्या गाड्यांवर काम करून आलेला. माणूस कमी बोलणारा आणि हाताचा स्वच्छ. त्याच्याभोवती माळकोंडाची पाच-सहा माणसं कोंडाळं करून उकिडवी बसली होती. ती पोलादपूरहून सकाळच्या एस.टी.नं खास हे बघायला आली होती. बायका घरी राब भाजत होत्या आणि हे इथे विड्या ओढत इंजिनाला सल्ले देत होते. एकजण म्हणाला इंजिन उलटं बसवलं तर मायलेज देतं. मुरादनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो उठून चहाला गेला.

"श्रीपत," मुराद म्हणाला, "हे नव्या जमान्याचं इंजिन हाय. ह्याची भोकं नि तुझ्या गिअरबॉक्सची भोकं जुळत नायत. मधी जाड प्लेट कापून घालावी लागंल. पुढचा रेडिएटर चार बोटं सरकवावा लागंल. बॉनेट बंद होनार नाय, त्याला खिडकी पाडावी लागंल."

"पाडा की."

"पाडतो. पन इंजिन गाडी पळवील. थांबवनार कोन?"

"ब्रेक लागतात माझे."

"तुझी गाडी चालते कुठं? म्हनून लागतात."

श्रीपतचं तोंड पडलं. ब्रेकचं सामान बदलायचं म्हणजे आणखी चार दिवस, आणि त्याला तर दुसऱ्याच दिवशी हॉर्न वाजवत गावात शिरायचं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तो म्हणाला, ब्रेक पावसाळ्यानंतर बघू. मुरादनं हातातला पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि जीपची चावी काढून आपल्या खिशात टाकली.

"ब्रेक घातल्याशिवाय ही गाडी माझ्या दारातून जानार नाय. मानसं बसवतोस तू, लाकडं नाय."

त्या सगळ्या गोतावळ्यात अक्कल असलेला तो एकच माणूस मी बघितला. त्यानं चारही चाकं उघडली, आतलं झिजलेलं सगळं काढून फेकलं, नवं बसवलं. पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा प्लेट बसली होती आणि बॉनेटला चौकोनी खिडकी पाडून तिच्यावर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं झाकण ठोकलेलं होतं. मुरादनं मला शेजारी बसवून जीप भरधाव नेली आणि एका दाबात उभी केली. माझं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं.

"गुरुजी, चढाची काळजी नको," तो म्हणाला. "वीस मानसं घालून कुडपणपर्यंत जाईल. गाडीला आता काय नाय होनार."

हे त्यानं मला स्वतः सांगितलं होतं, म्हणून इथे लिहितोय. मला माहीत होतं.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी पोलादपूरला बाजार होता. श्रीपत सकाळी महाडहून परस्पर स्टँडवर जीप घेऊन आला. टपावर झेंडूच्या माळा, पुढे नारळ फोडलेला, मडगार्डाला हळदकुंकू. समोरच कुशाबाची नवी गाडी उभी होती आणि कुशाबा तिच्या सावलीत दात कोरत बसला होता. हैबती टोपी घालून आला, टायरला लाथ मारून बघितली आणि पुढच्या सीटवर चढून बसला. जणू लाथेनंच पास केली गाडी.

"आज वाघजाईला कोनी खाली उतरायचा नाय!" श्रीपत बॉनेटवर हात आपटून ओरडत होता. "बाया-बापड्यांनी ऐकून घ्या. म्हातारी असू दे, गरोदर असू दे, पाय जमिनीला लावायचा नाय!"

कुशाबानं काडी थुंकली. "आन नाय चढली तर?"

"तर मिशी!"

मागे चौदा माणसं भरली. मागच्या आणि पुढच्या भागाच्या मध्ये श्रीपतच्या बापानं फार पूर्वी एक पत्रा ठोकला होता, बाजारातून आणलेल्या शेळ्या पुढे घुसू नयेत म्हणून. त्या पत्र्यामागे माणसं, तांदळाची पोती, सुकटीच्या टोपल्या आणि कोंबड्या असं सगळं एकात एक कोंबलं होतं. चंपाबाई नेहमीसारखी अगदी शेवटी, मागच्या फळीशी. मी पुढे बसायला जात होतो, तेवढ्यात तिनं माझी बाही धरली.

"गुरुजी, तुमी शिकलेलं. खरा सांगा. चढंल का हो?"

तिच्या चेहऱ्यावर घाम होता. सगळ्या स्टँडसमोर पोरगा काय बोलून बसलाय हे तिनं ऐकलं होतं. तिकडे श्रीपत आरशात बघून मिशीला पीळ देत होता. त्याला बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुमच्या लेकाचं आजवरचं एक तरी बोलणं खरं झालंय का?" मी म्हणालो आणि पुढे जाऊन बसलो.

एवढंच बोललो. चांगलं बोलल्यासारखं वाटलं मला त्या वेळी. सरपंचालाही सांगितलं, तोही हसला.

जीप निघाली, आणि खरं सांगतो, ती जीप राहिलीच नव्हती. पोलादपूर मागे पडलं, रस्ता चढू लागला, आणि इंजिनाला त्याचं काहीच नव्हतं. आवाज मात्र असा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. पायाखालचा पत्रा थडथडत होता, बॉनेटवरचं डब्याचं झाकण टाळ वाजवत होतं. श्रीपत ओरडून काहीतरी सांगत होता, हैबती मान हलवत होता, आणि दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. त्यानं दोघांचंही काही अडत नव्हतं.

वाघजाईचं वळण आलं. एरवी इथे श्रीपत गिअर बदलायचा, गाडी मलूल व्हायची, आणि माणसं पाय टाकायची. आज त्यानं गिअरला हातसुद्धा लावला नाही. एक पाय दाबला, हॉर्नवर तळहात ठेवला आणि जीप वळणातून अशी वर गेली की शेंदराचा धोंडा मला नीट दिसलाही नाही. मागून कल्ला उठला. पत्र्यावर हात आपटायला लागले, बायका किंचाळल्या, कुणीतरी टप बडवला.

"ऐकलात काय?" श्रीपत माझ्या कानात ओरडला. "नाचतायत मागं!"

मलाही तसंच वाटलं. हैबतीनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि वाडीला दाखवावा तसा हलवला. मागची आपटाआपटी वाढली तसा श्रीपत जास्त जोरात हॉर्न वाजवू लागला. पुढची दोन वळणं आम्ही तशीच घेतली. मागे चौदा माणसं होती, त्यांतले चार धडधाकट गडी. एकानंही उडी टाकली नाही, पुढे डोकं काढून ड्रायव्हरला हाक मारली नाही. सगळे पत्रा बडवत राहिले.

वर माळावर काशीबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. नवऱ्यानं निरोप धाडला होता, म्हणून उभी होती. सकाळपासून राब भाजून आली होती, पदराला काजळी, पापण्या धुरानं लाल. श्रीपतनं जीप तिच्यापुढे आणली आणि एका दाबात उभी केली. ब्रेक झकास लागले. तो उडी मारून उतरला, माळा हातानं सारख्या केल्या आणि कमरेवर हात ठेवून वाडीला ऐकू जाईल असा ओरडला,

"उतरला का कोन? सांगा आता सरपंचांना! उतरला का कोन वाघजाईला?"

मागची माणसं एकेक करून खाली आली. एकजण कोंबडीचे पाय सोडवत बसला. हैबतीची बायको डोक्यावरून पदर घेऊन पुढे आली आणि खाली बघत म्हणाली, "तुझी आये उतरली."

काशीबाईनं ताट जमिनीवर ठेवलं आणि धावायला लागली. श्रीपत उभाच होता. इंजिन चालूच होतं. मग तोही धावला, गाडी तशीच सोडून. मी त्याच्यामागे धावलो. आमच्यामागे सगळी वाडी, वर जीपमधून पत्रा बडवणारे तेच हात आता "अरे धावा, अरे धावा" म्हणत निघाले.

चंपाबाई वळणावर, पाल्याच्या ढिगाला टेकून पडली होती. एक पाय मांडीपासून भलतीकडे वळलेला होता. कोपर सोललं होतं, टोपलीतली सुकट रस्ताभर सांडली होती. ती शुद्धीवर होती. काशीबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिनं डोळे उघडले, आणि आम्हाला सगळ्यांना वरून खाली येताना बघून ती चिडली.

"तुमाला कुनाला लाज नाय?" ती धापा टाकत म्हणाली. "मी एकटीच उतरले. बाकीची बसून ऱ्हायलात? गाडी कशी चढायची पोराची?"

हैबती टोपी काढून हातात फिरवत होता. आतापर्यंत प्रत्येक गोष्टीवर सल्ला देणारी ती माणसं रस्त्यावरची सुकट वेचायला लागली. श्रीपत तिच्या पायाशी बसला. पायाला हात लावू की नको असं त्याला झालं होतं.

"आये, मी सांगितला व्हता ना..." तो म्हणाला आणि थांबला.

तिनं त्याचा हात शोधून धरला. वेदनेनं तिचं तोंड वेडंवाकडं होत होतं, पण तिला दुसरंच काहीतरी हवं होतं.

"श्रीपा," ती म्हणाली, "चढली का रे गाडी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

"चढली, आये."

चंपाबाईनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"बरा झाला," ती म्हणाली, "मी उतरले ता."